अशेरा : एका देवीच्या नांवाचा इतिहास

एखाद्या राष्ट्राच्या धर्माचा इतिहास त्याच्या ग्रंथांवरून लिहावयाचा, कीं त्याच्या लोकांच्या आचारावरून, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. ग्रंथ लिहिणारे थोडे, वाचणारेही थोडेच. देवापुढें हात जोडणारे मात्र सर्व. शिवाय जो ग्रंथ टिकतो तो बहुधा जय पावलेल्या पक्षाचा असतो, आणि पराभूत पक्षाची श्रद्धा आपल्याला कळते ती त्याच्या प्रतिपक्षानें केलेल्या निंदेवरून. ह्या अडचणीचें प्राचीन इस्राएलाच्या धर्माइतकें स्पष्ट उदाहरण क्वचितच सांपडेल. ज्या राष्ट्राच्या परंपरेंत यहुदी, ख्रिस्ती व इस्लामी हे तिन्ही एकेश्वरी धर्म आपलें मूळ पाहतात, त्याच राष्ट्रांत कित्येक शतकें एका देवीची पूजा डोंगरमाथ्यावरील स्थानांत व खुद्द राजधानीच्या मंदिरांत चालत होती. ह्या देवीचें नांव अशेरा. तिच्या पूजेचा विचार करतांना तिच्या नांवाचें पुढें काय झालें हें पाहणें अवश्य आहे. कारण ती कशी विसरली गेली, ह्याचें उत्तर त्या नांवाच्या इतिहासांतच सांपडतें.

परमेश्वर एकच आहे, ही शमा नांवाची घोषणा यहुदी धर्माचें हृदय होय. कोंकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बेने इस्राएल समाजांत हिब्रू भाषेचें ज्ञान जवळजवळ लोपलें होतें. तरी शनिवारचा विसावा, सुंता आणि ही शमाची घोषणा त्यांनीं टिकवून धरली. ज्या वचनाचें सामर्थ्य एवढें, तें राष्ट्राच्या जन्माबरोबरच जन्मास आलें असलें पाहिजे, अशी समजूत होणें स्वाभाविक आहे. परंतु इतिहासाच्या कसोटीस ती उतरत नाहीं. तें वचन म्हणजे एका दीर्घ वादाचा निकाल आहे, आणि त्या वादांत दुसरी बाजूही होती.

प्रथम ईश्वराच्या नांवांकडे पाहूं. उत्पत्तीच्या पुस्तकांत अब्राहाम व त्याचे वंशज ज्याला भजतात, तो कोठें एल-एल्योन म्हणजे परात्पर एल आहे, कोठें एल-ओलाम म्हणजे सनातन एल, तर कोठें एल-शद्दाय. रानांत एकाकी पडलेली हागार त्याला एल-रोई, म्हणजे पाहणारा एल, असें म्हणते. ‘इस्राएल’ ह्या राष्ट्रनामाच्या शेवटींही एलच आहे. यहवे ह्या नांवाचा त्यांत अंश नाहीं. निर्गमाच्या सहाव्या अध्यायांत तर ईश्वर मोशेला असें सांगतो कीं, पूर्वजांना आपण एल-शद्दाय म्हणून दिसलों, यहवे ह्या नांवानें त्यांना आपली ओळख नव्हती. ह्या नामभेदाकडे फ्रेंच वैद्य झां आस्त्र्युक ह्यानें १७५३ मध्यें अभ्यासकांचें लक्ष वेधलें, आणि ह्या एका ग्रंथांत निरनिराळ्या परंपरा गुंफलेल्या आहेत, हा विचार तेथून पुढें वाढत गेला. जुन्या गीतांत यहवे हा सेईर, तेमान, सीनाय अशा दक्षिणेकडील प्रदेशांतून येतांना वर्णिलेला आहे. एल मात्र कनान देशाचा जुना देव. ह्या दोघांचें ऐक्य मागाहून झालें, असें आज बहुतेक अभ्यासक मानतात.

हा एल कोण, हें नीट कळलें तें सीरियाच्या किनाऱ्यावरील रास शाम्रा येथील उत्खननानें. तेथें १९२९ मध्यें क्लोद शेफर ह्यांनीं खणण्यास प्रारंभ केला, आणि उगारीत हें प्राचीन नगर व त्यांतील मातीच्या लेखपट्टिका प्रकाशांत आल्या. इ. स. पूर्वी चौदाव्या व तेराव्या शतकांतील ह्या लेखांत एल हा देवांचा वृद्ध पिता आहे. त्याच्या पत्नीचें नांव अथिरत. ती समुद्राची स्वामिनी, देवांची माता, आणि तिचे पुत्र सत्तर. उगारिती भाषेंतील हें अथिरत नांव व हिब्रू अशेरा हीं एकाच शब्दाचीं दोन रूपें आहेत. यहवेनें एलचीं नांवें घेतलीं व त्याचें पितृपदही घेतलें. तेव्हां एलच्या पत्नीचें काय झालें, हा प्रश्न आपोआपच उभा राहतो.

ग्रंथाच्या पाठांतही ह्या संक्रमणाच्या खुणा राहिल्या आहेत. अनुवादाच्या बत्तिसाव्या अध्यायांतील गीतांत एल्योनानें राष्ट्रांची वांटणी केली व याकोबाचें कुल यहवेच्या वांट्यास आलें, असें म्हटलें आहे. प्रचलित हिब्रू पाठाप्रमाणें ही वांटणी इस्राएलाच्या पुत्रांच्या संख्येनुसार झाली. परंतु मृतसमुद्राच्या कांठच्या गुहांतून १९४७ पासून जीं हस्तलिखितें मिळालीं, त्यांपैकीं एकांत तेथें देवपुत्रांची संख्या सांगितली आहे. हा जुना पाठ धरला, तर परात्पर देवाच्या पुत्रांमध्यें राष्ट्रें वांटलीं गेलीं आणि यहवे हा त्या वांटेकऱ्यांपैकीं एक, असा अर्थ निघूं शकतो. तो पुढील पिढ्यांना खपण्यासारखा नव्हता; म्हणून पाठ बदलला गेला असावा.

आतां अशेराकडे वळूं. हिब्रू धर्मग्रंथांत हा शब्द चाळीस वेळां येतो, आणि बहुतेक ठिकाणीं निषेधाच्या स्वरांतच येतो. कोठें त्याचा अर्थ देवी असा होतो, तर कोठें वेदीजवळ रोवलेला लांकडी स्तंभ किंवा झाड असा. यहवेच्या वेदीशेजारीं अशेरा लावूं नये, अशी आज्ञा अनुवादांत आहे. जी गोष्ट कोणीच करीत नाहीं, तिची मनाई करण्याची गरज कोणत्याही शास्त्रकाराला पडत नाहीं. मनाईचा स्थलनिर्देशही पाहण्यासारखा आहे : अशेरा उभी केली जात होती ती यहवेच्याच वेदीशेजारीं.

राजांच्या वृत्तान्तांतून हेंच दिसतें. यहूदाचा राजा आसा ह्यानें राजमाता माका हिला पदावरून दूर केलें, कारण तिनें अशेरासाठीं मूर्ति करविली होती. ती तोडून किद्रोनच्या ओढ्यांत जाळण्यांत आली. पुढें हिज्कीया राजानें अशेरा तोडली, आणि त्याचाच पुत्र मनश्शे ह्यानें तिची मूर्ति यरुशलेमच्या मंदिरांत स्थापिली. इ. स. पूर्वी ६२२ मध्यें योशिया राजानें ती बाहेर काढून जाळली व तिची राख उधळली. त्या वेळीं मंदिराच्या आवारांत अशेरासाठीं वस्त्रें विणणाऱ्या स्त्रियांच्या खोल्या होत्या. त्याही त्यानें पाडल्या. राफाएल पाताई ह्यांनीं १९६७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असा हिशेब मांडला आहे कीं, शलमोनाचें मंदिर सुमारें ३७० वर्षें उभें होतें व त्यांपैकीं निदान २३६ वर्षें अशेराची मूर्ति त्यांत होती. आंकडा अनुमानाचा आहे. त्याचा प्रत्येक घटक सर्वांनाच मान्य होईल असें नाहीं. तथापि देवीची पूजा हा अधूनमधून शिरलेला परकी दोष होता, ही ग्रंथकर्त्यांची मांडणी त्यांनींच दिलेल्या माहितीशीं जुळत नाहीं, हें त्यावरून दिसून येतें.

उत्तरेकडील राज्याची साक्ष ह्याहूनही बोलकी आहे. एलीया व बालाचे पुजारी ह्यांच्या प्रसिद्ध झगड्याच्या प्रारंभीं ईजबेल राणीच्या पंक्तीस जेवणाऱ्या अशेराच्या चारशें संदेष्ट्यांचा उल्लेख येतो. पण शेवटीं वध होतो तो बालाच्या संदेष्ट्यांचा. पुढें येहूनें बालाचें मंदिर पाडलें, त्याच्या उपासकांची कत्तल केली, आणि तरीही त्याचा पुत्र यहोआहाज ह्याच्या काळीं शोमरोनांत अशेरा उभीच होती, असें राजांच्या दुसऱ्या पुस्तकांत नमूद आहे. बालाचा एवढा कट्टर वैरी अशेराला हात लावीत नाहीं, ह्याचा अर्थ काय? आमोस व होशेय हे कठोर संदेष्टेही नांव घेऊन तिचा निषेध करीत नाहींत. ती बालाची सोबतीण आहे असें त्या काळीं त्यांना वाटत नसावें. ती यहवेच्याच घरांतली समजली जात असावी, हें अनुमान येथें बळकट होतें.

हें अनुमान पुढें प्रत्यक्ष लेखांनीं उचलून धरलें. १९६७ मध्यें हेब्रोनच्या पश्चिमेस खिर्बेत एल-कोम येथील एका थडग्यांतला लेख विल्यम डेव्हर ह्यांच्या हातीं आला. इ. स. पूर्वी आठव्या शतकांतील ह्या लेखांत उरीयाहू नांवाच्या गृहस्थाला यहवेचा आशीर्वाद लाभल्याचें व शत्रूंपासून त्याची सुटका झाल्याचें म्हटलें आहे, आणि त्यांत यहवेबरोबर ‘त्याच्या अशेरे’चा निर्देश आहे. अक्षरें दोनदोनदां ओरखडलेलीं असल्यामुळें वाचन कठीण आहे. परंतु १९७५ व १९७६ मध्यें ज़ेव मेशेल ह्यांनीं सीनायच्या ईशान्य भागांत, कुंतिल्लेत अजरूद ह्या ओसाड टेंकडीवर उत्खनन केलें, तेव्हां इ. स. पूर्वी ८०० च्या सुमाराच्या मोठ्या रांजणांवर शाईनें लिहिलेले आशीर्वाद सांपडले. एकांत शोमरोनाच्या यहवेचें व त्याच्या अशेरेचें नांव आहे, दुसऱ्यांत तेमानाच्या यहवेचें व त्याच्या अशेरेचें. शोमरोनांत अशेरा उभी असल्याचें राजांचें पुस्तक ज्या काळाविषयीं सांगतें, जवळजवळ त्याच काळांतील हे लेख आहेत. ग्रंथानें दोष म्हणून नोंदविलेली गोष्ट येथें वाटसरूंच्या आशीर्वादांत सहज येऊन जाते.

ह्या लेखांवर मोठा वाद माजला, आणि तो व्याकरणाचा आहे. हिब्रू भाषेंत विशेषनामाला ‘त्याचा’ असा स्वामित्वदर्शक प्रत्यय लागत नाहीं. त्यामुळें येथें ‘अशेरा’ म्हणजे देवी नसून यहवेच्या स्थानांतला पवित्र स्तंभ होय, असें एक पक्ष म्हणतो. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, आशीर्वाद मागतात तो देवतेपाशीं, लांकडापाशीं नव्हे. मला वाटतें, ही फारकत आपण आज करतों तितकी त्या उपासकाच्या मनांत नसेल. ज्या खुणेपुढें मनुष्य नमस्कार करतो, ती खूण व तिच्यांतील शक्ति हीं त्याच्या लेखीं वेगळीं नसतात. परंतु व्याकरणाच्या आक्षेपांत एक तथ्य अवश्य आहे : इ. स. पूर्वी आठव्या शतकाच्या आरंभींच हें नांव विशेषनामाकडून सामान्यनामाकडे झुकूं लागलें होतें. देवी स्वतंत्र राहिली नव्हती. ती ‘त्याची’ झाली होती.

वृक्षाशीं तिचें नातें फार जुनें. लाखीश येथें १९३४ मध्यें मिळालेल्या, इ. स. पूर्वी तेराव्या शतकांतील एका सुरईवर झाड व त्याच्या दोन बाजूंस रानबोकड काढलेले आहेत, आणि वर एका देवीला दिलेल्या भेटीचा लेख आहे. त्यांतील ‘एलत’ म्हणजे देवी हा शब्द नेमका झाडावर आला आहे. तेंच झाड व तेच रानबोकड चार-पांचशें वर्षांनंतर अजरूदच्या रांजणावरही दिसतात. यहूदाच्या प्रदेशांत इ. स. पूर्वी आठव्या व सातव्या शतकांतील घरांच्या अवशेषांत स्त्रीच्या लहान मृण्मूर्ति मिळतात : कमरेखालीं खांबासारखा बुंधा व स्तनांना आधार दिलेले हात. राझ क्लेटर ह्यांनीं १९९६ मध्यें अशा आठशेंहून अधिक मूर्तींची सूचि केली. त्यांवर नांव कोरलेलें नाहीं. म्हणून त्या सर्व अशेराच्याच, असें ठामपणें म्हणतां येत नाहीं. पण ज्या घरांत त्या होत्या, तेथें बाळंतपण व दूध ह्यांची काळजी वाहणाऱ्या एका शक्तीची आठवण रोज होत असे, एवढें निश्चित.

ह्या उपासकांचा स्वतःचा आवाज संपूर्ण ग्रंथांत एकदांच ऐकूं येतो, आणि तो यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकांत. योशियानें मंदिर शुद्ध केलें. परंतु तेरा वर्षांत, इ. स. पूर्वी ६०९ मध्यें, तो मगिद्दो येथें मारला गेला, आणि ५८६ मध्यें बाबिलोनच्या सैन्यानें यरुशलेम जाळलें. निर्वासितांचा एक समूह मिसर देशांत गेला. तेथें यिर्मयानें त्यांना बजावलें कीं, तुम्हीं परक्या देवतांपुढें धूप जाळला म्हणून हा अनर्थ ओढवला. तेव्हां स्त्रियांनीं व त्यांच्या पतींनीं दिलेलें उत्तर आजही विचारांत पाडणारें आहे. त्यांचा आशय असा : स्वर्गराणीला आम्ही, आमचे वाडवडील व आमचे राजे नैवेद्य देत होतों, तेव्हां पोटभर अन्न होतें व संकट नव्हतें, आम्हीं तें बंद केलें आणि तेव्हांपासून तलवार व दुष्काळ ह्यांनीं आमचा नाश केला. शिवाय स्त्रियांनीं विचारलें कीं, तिच्या आकृतीच्या पोळ्या आम्हीं आमच्या पतींच्या नकळत का केल्या? ही स्वर्गराणी म्हणजे अशेरा, अष्टार्त कीं बाबिलोनची इश्तार, ह्याविषयीं मतभेद आहेत. पोळ्यांसाठीं वापरलेला शब्द बाबिलोनच्या भाषेंतून आलेला दिसतो. पण त्याच पुस्तकांत अन्यत्र मुलें लांकडें गोळा करतात, बाप विस्तव पेटवितात व बायका कणीक मळतात, असें चित्र आहे. ही पूजा साऱ्या कुटुंबाची होती.

इतिहासाच्या दृष्टीनें येथें मर्म आहे. घटना एकच, नगराचा नाश. आणि तिचे अर्थ दोन. यिर्मया म्हणतो, देवी पुजली म्हणून नाश झाला. स्त्रिया म्हणतात, देवी सोडली म्हणून झाला. कालक्रम पाहिला तर स्त्रियांचा युक्तिवाद वेडगळ ठरत नाहीं. सुधारणेनंतर छत्तीस वर्षांत राजा, राजधानी व मंदिर हीं तिन्ही गेलीं होतीं. ह्या दोन अर्थांपैकीं ज्यावर पुढें ग्रंथ रचला गेला तो यिर्मयाचा, आणि राष्ट्र तगलें तें त्या ग्रंथाच्या आधारावर. ज्याचें मंदिर जळालें तोच देव ती शिक्षा देणारा आहे, असें मानणारी श्रद्धा परक्या देशांतही जिवंत राहूं शकली. देवळावर, मूर्तीवर व शेतीच्या सुबत्तेवर उभी असलेली श्रद्धा बाबिलोनच्या निर्वासांत तग धरूं शकली नाहीं.

तरी निकाल एका दिवसांत लागला नाहीं. नाईल नदीवर, अस्वानजवळ, एलेफंटाइन बेटांत इराणी सत्तेच्या पदरीं यहुदी शिपायांची वसाहत होती व तिचें यहूचें मंदिर होतें. इ. स. पूर्वी ४१० मध्यें ख्नुम देवाच्या पुजाऱ्यांच्या चिथावणीनें तें पाडलें गेलें, तेव्हां ह्या लोकांनीं यरुशलेमच्या मुख्य याजकाला साहाय्यासाठीं पत्र लिहिलें. म्हणजे ते स्वतःला त्याच धर्माचे मानीत. आणि तरी इ. स. पूर्वी ४०० च्या सुमाराच्या त्यांच्या एका वर्गणीच्या यादींत यहूसाठीं १२ कर्श ६ शेकेल, एशेम-बेथेलसाठीं ७ कर्श व अनात-बेथेल ह्या देवीसाठीं १२ कर्श असा हिशेब आहे. दुसऱ्या एका कागदांत अनात-यहू ह्या नांवानें शपथ घेतलेली आहे. योशियाच्या सुधारणेला त्या वेळीं दोनशें वर्षें उलटून गेलीं होतीं.

मूर्ति जाळतां येते. नांव जाळतां येत नाहीं. तेव्हां नांवाची व्यवस्था निराळ्या रीतीनें झाली. शौल राजाच्या पुत्राचें नांव एका ग्रंथांत एशबाल आहे, तर दुसऱ्यांत ईशबोशेथ. बाल ह्या शब्दाच्या जागीं बोशेथ म्हणजे लाज हा शब्द आला. अष्टार्त देवीच्या नांवांत ह्याच बोशेथचे स्वर भरून अष्टोरेथ हें रूप तयार झालें, असें अभ्यासक मानतात. यिर्मयाच्या पुस्तकांतील ‘स्वर्गराणी’ ह्या शब्दाला असे स्वर दिले गेले कीं, राणीऐवजीं स्वर्गाची कृति असा अर्थ भासावा. अशेराचें अनेकवचन बहुतेक ठिकाणीं पुल्लिंगी आहे. तें वाचतांना समोर खांबांची रांग उभी राहते, देवी राहत नाहीं. ग्रीक भाषांतरकारांनीं तिला उपवन केलें, लॅटिन भाषांतरानें त्यांचीच वाट धरली, आणि १६११ च्या इंग्रजी बायबलांतही ती राईच राहिली. त्या इंग्रजी वाचकाला मनश्शेनें मंदिरांत राईची मूर्ति ठेवली व स्त्रिया राईसाठीं पडदे विणीत होत्या, असें वाचावें लागे. त्यांत अर्थ नाहीं, हेंही फार थोड्यांच्या ध्यानांत आलें. १८८५ च्या सुधारित इंग्रजी भाषांतरांत अशेरा हें नांव परत आलें.

ह्यांत एक विलक्षण योग आहे. जिंकलेल्या देवाचेंही नांव राहिलें नाहीं. यहुदी लोकांनीं अति आदरामुळें य-ह-व-ह हीं चार अक्षरें उच्चारणें सोडलें व त्यांच्या जागीं अदोनाय म्हणजे प्रभु असें वाचूं लागले. पुढें त्या चार व्यंजनांवर अदोनायचे स्वर बसले, त्यांतून ‘यहोवा’ हें मराठी वाचकालाही परिचित असलेलें रूप निघालें. तसा उच्चार प्राचीन काळीं कोणी केला नसेल. एक नांव तिरस्कारानें लोपलें, दुसरें भक्तीनें.

आपल्याकडील वाचकाला हें सर्व ऐकून शिवशक्तीची आठवण होईल; परंतु ती तुलना जपून करावी. आपल्याकडे शक्तीला दर्शन मिळालें, पुराण मिळालें, स्तोत्र मिळालें. यहवे व त्याची अशेरा ह्यांच्या संबंधावर कोणी तत्त्वज्ञान रचलें असल्यास तें उरलेलें नाहीं. उरले आहेत ते रांजणावरचे आशीर्वाद, थडग्यावरचा एक लेख व निषेधाचीं वचनें. तेवढ्यावरून हरपलेल्या स्त्रीराज्याचीं स्वप्नें रंगविणें हें, देवी कधींच नव्हती असें म्हणण्याइतकेंच निराधार होय. तिचें कार्य मात्र सर्वस्वी संपलें नाहीं. यशयाच्या पुस्तकाच्या उत्तरभागांत ईश्वर आईसारखें सांत्वन करतो. नीतिसूत्रांत प्रज्ञा ही स्त्री आहे व तिला जीवनवृक्ष म्हटलें आहे. झाड व माता, दोन्ही राहिलीं. नांव तेवढें गेलें.

ह्या साऱ्या प्रकरणांत ग्रंथकर्त्यांच्या पदरीं एक पुण्य अवश्य घातलें पाहिजे. त्यांनीं देवीचा निषेध केला, तिचें नांव बिघडविलें. पण मिसर देशांतील त्या स्त्रियांचें उत्तर त्यांनीं गाळलें नाहीं. तें गाळणें सोपें होतें, आणि गाळलें असतें तर आज कोणतेंही उत्खनन तें परत देऊं शकलें नसतें. रांजणांवरून देवीचें नांव कळतें. तिचे उपासक काय म्हणत होते, हें तिच्या विरोधकांच्या पुस्तकांतूनच कळतें.